महिना बत्तीस हजार, पण वर्षाचे महिने किती? ठाण्यातल्या एका विशेष शिक्षिकेच्या पगाराचा हिशेब

घोडबंदर रोडवरच्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत रिसोर्स रूम, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांची वेगळी खोली, सांभाळणाऱ्या विशेष शिक्षिकेला महिना ३२,००० रुपये ठरले आहेत. ऐरोलीतली दुसरी शाळा ३०,००० देऊ करते. वाशीतले एक थेरपी सेंटर म्हणते, पगार नाही, सत्रामागे ४५० रुपये, पण महिन्याला पन्नास हजार कुठे गेले नाहीत. चौथा निरोप ठाणे जिल्ह्यातल्या एका अनुदानित विशेष शाळेतून आला आहे: सध्या १२,००० मानधन, मान्यता आली की सरकारी वेतनश्रेणी. मुले चारही ठिकाणी साधारण तशीच, कामही तेच. बाईंना मे महिन्याच्या आत उत्तर द्यायचे आहे.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचे नाही. ठाणे आणि नवी मुंबईत वारंवार समोर येणाऱ्या परिस्थिती एकत्र करून ते उभे केले आहे. खासगी ठिकाणचे आकडे हिशेब दिसावा म्हणून धरलेले आहेत. सरकारी वेतनश्रेणी, कपातीचे दर आणि कायद्यातल्या तरतुदी जशा आहेत तशा घेतल्या आहेत.

बाईंचे वय ३१, घर कळव्याला. बी.ए. आणि बौद्धिक अक्षमता या विषयातले विशेष शिक्षणाचे बी.एड. सहा वर्षे एकाच शाळेत. लग्न झालेले, मूल अजून नाही. ही शेवटची गोष्ट पगाराच्या लेखात कशाला, असे वाटेल. ती हिशेबात पुढे येते.

पदवी कुठे लागते, कुठे लागत नाही

विशेष शिक्षकाची पहिली पायरी म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. एक हजाराच्या दंडाला कुणी फारसे घाबरत नाही, हे उघड आहे. पण शाळेच्या फाइलमध्ये नोंदणी क्रमांक लागतोच, कारण बोर्डाच्या तपासणीत तो मागितला जातो. सीबीएसईने २०१५ पासून संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमणे बंधनकारक केले आहे, आणि खासगी शाळांत या पदाला जी काही किंमत आली ती बरीचशी तिथून आली.

घोटाळा होतो तो सहा महिन्यांच्या ऑनलाइन डिप्लोम्यांमुळे. साधे बी.एड. आणि त्यावर असे एखादे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या उमेदवाराला शाळा ‘सपोर्ट टीचर’ म्हणून घेते, काम विशेष शिक्षकाचे देते आणि पगार सहायकाचा. आरसीआयमान्य डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण हाच नोंदणीचा रस्ता. नवी मुंबईत खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचा जुहूचा विभाग आहे. प्रवेश घेण्याआधी तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आरसीआयच्या यादीत आहे ना, हे पाहून घ्यावे.

विषयाचाही फरक पडतो. घोडबंदर पट्ट्यातल्या किंवा पाम बीच रोडलगतच्या शाळांकडे येणारी बहुतेक मुले अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारख्या अडचणींची) किंवा स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या कक्षेतली. त्यामुळे बौद्धिक अक्षमतेचे बी.एड. असलेल्या बाईंना मुलाखतीत हमखास प्रश्न येतो: वाचन-लेखन-गणिताच्या शैक्षणिक चाचण्या घेता येतात का, अहवाल लिहिता का? अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र अधिकृत रुग्णालयच देते, शिक्षिका नव्हे. पण त्याआधीची चाचणी, पालकांना कागदपत्रे समजावणे आणि दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींचा अर्ज वेळेत जाणे हे सगळे तिच्याच डोक्यावर असते. नववी-दहावीच्या सवलतींचे काम स्वतः निभावणारी शिक्षिका पहिली ते चौथीपुरती असलेल्या शिक्षिकेपेक्षा जास्त मागू शकते, कारण तिथे चूक झाली तर पालक थेट मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येतात.

बत्तीस हजारांची चिरफाड

घोडबंदरच्या शाळेचा करार जूनच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा, दहा महिन्यांचा आहे. ३२,००० गुणिले १० म्हणजे वर्षाचे ३,२०,०००. बारा महिन्यांवर पसरले तर महिना २६,६६७. बाई सहा वर्षे लोकांना बत्तीस सांगत होत्या.

दुसरी गोष्ट, हा पगारच नाही. करारात त्या ‘स्वतंत्र व्यावसायिक’ आहेत आणि शाळा फी देते. म्हणून दर महिन्याला दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून हातात २८,८०० येतात. कापलेले ३,२०० बुडत नाहीत. एवढ्या उत्पन्नावर नव्या करपद्धतीत कर लागत नाही, तेव्हा विवरणपत्र भरले की ३२,००० परत मिळतात. पण बाईंनी पहिली दोन वर्षे विवरणपत्र भरलेच नाही. ते ६४,००० गेले म्हणायचे.

‘स्वतंत्र व्यावसायिक’ या दोन शब्दांनी आणखी बरेच काही जाते: पीएफ नाही, पगारी रजा नाही, प्रसूती रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ग्रॅच्युइटी ३ एप्रिल १९९७ पासून लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. खासगी शाळांचा विरोध तिथे टिकला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर मुदतबंद नोकरीवरच्या कर्मचाऱ्यालाही एका वर्षानंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. पण हे सगळे कर्मचाऱ्याला. सकाळी आठला थंब लावणाऱ्या, शाळेची साडी नेसणाऱ्या आणि मुख्याध्यापकांना विचारून रजा घेणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्र व्यावसायिक म्हणता येते का, हा वाद कोर्टात बाईंच्या बाजूने जाऊ शकतो. सहा वर्षांत तो कुणी नेलेला नाही, आणि शाळेचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

अनुभवाचे पत्र हा तिसरा खड्डा. दर एप्रिलला करार संपतो, जूनला नवा होतो, त्यामुळे पत्रात सहा तुकडे दिसतात. दहा महिन्यांचे सहा तुकडे म्हणजे साठ महिने. पुढची शाळा ‘पाच वर्षे’ धरते आणि एक पायरी खाली बसवते.

आता कामाचे तास. बाईंकडे पहिली ते सातवीची १८ मुले आहेत. दर मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, सगळे ज्याला आयईपी म्हणतात, तो करायला सुरुवातीची चाचणी दोन तास, लेखन तीन तास, पालकांची बैठक एक तास. सहा तास गुणिले १८ म्हणजे १०८. दुसऱ्या सत्राचा आढावा मुलामागे दोन तास धरला तर आणखी ३६. एकूण १४४ तास, म्हणजे सात तासांचे विसाहून थोडे जास्त दिवस. हे काम शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नाही. ते घरी, रात्री, लॅपटॉपवर होते. वर्षाचे २०० दिवस, रोज सात तास असे १,४०० आणि वरचे १४४ मिळून १,५४४ तास. ३,२०,००० भागिले १,५४४ म्हणजे तासाला सुमारे २०७ रुपये. शाळेबाहेर शनिवारी बाई एका मुलामागे तासाचे ६०० घेतात, हे शेजारी लिहून पाहावे.

या शाळेत रिसोर्स रूमसाठी पालकांकडून वेगळे शुल्क घेतले जाते. महिना ४,००० धरले तर १८ मुलांचे ७२,०००. शाळेला जागा, साहित्य, देखरेख असे खर्च आहेतच. पण ‘बजेट नाही’ हे उत्तर ऐकून गप्प बसायच्या आधी हा गुणाकार एकदा करून ठेवावा.

सत्रामागे ४५०

वाशीच्या सेंटरचा हिशेब सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. पालक ४५ मिनिटांचे ९०० देतात, निम्मे शिक्षिकेचे. दिवसाला पाच वेळा राखून ठेवलेल्या, महिन्याला २२ दिवस: ११० सत्रे, ४९,५००. पन्नास हजारांचा आकडा इथून येतो. प्रत्यक्षात मूल आजारी पडते, गणपतीत गावी जाते, परीक्षेच्या आठवड्यात आई ‘पुढच्या सोमवारी बघू’ म्हणते. चांगल्या महिन्यात ८५ सत्रे भरतात, मे आणि दिवाळीच्या महिन्यात ५५. दहा महिने ८५ आणि दोन महिने ५५ म्हणजे वर्षाची ९६० सत्रे, ४,३२,०००.

चारही पर्यायांत लगेच हातात येणारी ही सर्वांत मोठी रक्कम आहे, हे मान्य करायला हवे. पाच वेळा रोज अडकलेल्या, प्रत्येकी एक तास धरून वर्षाचे १,३२० तास जातात. तासाला ३२७ रुपये पडतात. ज्यांच्या घरात दुसऱ्या कुणाचा आरोग्य विमा आणि स्थिर पगार आहे, ज्यांना संध्याकाळी मोकळे असण्याची गरज नाही, त्यांनी सेंटर घ्यावे, त्यात कमीपणा काही नाही. मुले शाळेतून सुटल्यावर येतात म्हणून कामाची वेळ दुपारी दोन ते आठ. वाशीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून कळवा. घरी पोचायला नऊ. सही करण्याआधी एकच कलम ताणून घ्यावे: २४ तासांच्या आत रद्द झालेल्या सत्राचे पैसे कोण सोसणार. पालकांकडून सेंटर ते घेते आणि शिक्षिकेला देत नाही, असे करार आहेत.

शॅडो टीचरची, म्हणजे वर्गात एकाच मुलाशेजारी बसून मदत करणारीची गोष्ट याहून नाजूक. तिला पैसे पालक देतात, शाळा फक्त वर्गात बसू देते. मूल गैरहजर तर दिवस गेला, मूल शाळा सोडून गेले तर नोकरी गेली, आणि अनुभवाचे पत्र द्यायला कुणीच नाही.

मान्यता येईल तेव्हा

अनुदानित पदाचे आकर्षण खोटे नाही. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-१०, मूळ वेतन २९,२०० पासून. प्रशिक्षित पदवीधर माध्यमिक शिक्षकाची एस-१४, ३८,६०० पासून. जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता आणि ठाणे-नवी मुंबईला लागू ३० टक्के घरभाडे भत्ता धरला तर एस-१० ला २९,२०० + १६,०६० + ८,७६० म्हणजे ५४,०२० आणि एस-१४ ला ७१,४१० होतात, प्रवासभत्ता वेगळा. निवृत्तिवेतन योजनेसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के कपात आहे, एस-१० ला ती ४,५२६.

दोन गोष्टी मात्र नीट ऐकून घ्याव्यात. पदवी तुमची असते, वेतनश्रेणी पदाची. बी.एड. असूनही प्राथमिक पदावर नेमणूक झाली तर एस-१० च मिळते. आणि जिथे शिक्षण सेवक योजना लागू आहे तिथे पहिली तीन वर्षे मानधनाची: जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,०००.

या प्रकरणातल्या विशेष शाळेने देऊ केलेले १२,००० त्याही आधीचे आहेत. ते संस्थेच्या खिशातून आहेत, कारण बाईंची नेमणूक सरकारदरबारी अजून झालेलीच नाही. अशा वेळी संस्थेकडे मागायचे कागद ठरलेले आहेत: पद मंजूर आणि रिक्त असल्याचा आदेश, बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या पदनोंदवहीत) ते पद कोणत्या प्रवर्गाचे आहे त्याची तपासलेली नोंद, जाहिरात देण्याची परवानगी, प्रत्यक्ष वर्तमानपत्रातली जाहिरात आणि निवड समितीचे इतिवृत्त. यातला एक कागद कच्चा असला की वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो. मान्यता नाही तर वेतनप्रणालीत नाव नाही, नाव नाही तर पगार नाही. बाईंनी विचारले तेव्हा संस्थेकडे रिक्त पदाचा आदेश होता, बिंदुनामावली ‘तपासणीला गेली’ होती आणि जाहिरात ‘नंतर देऊ’. म्हणजे नेमणूक आधी, जाहिरात मागाहून. असा प्रस्ताव मंजूर होण्याची आशा धरून बारा हजारांवर वर्षे काढणारे लोक आहेत. काही ठिकाणी या टप्प्यावर ‘इमारत निधी’ मागितला जातो. तो दिला तरी मान्यता संस्था देत नाही, सरकारी कार्यालय देते.

हे लक्षात ठेवावे की दिव्यांगांच्या विशेष शाळा आता दिव्यांग कल्याण विभागाखाली आहेत, जो डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र झाला. आणि सर्वसाधारण शाळांतले विशेष शिक्षक शालेय शिक्षण विभागाकडे. २०२४ मध्ये राज्याने या दुसऱ्या बाजूला केंद्रस्तरावर (केंद्र म्हणजे जवळच्या शाळांचा गट) ४,८६० विशेष शिक्षक पदे निर्माण केली. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिले होते, पहिली ते पाचवीसाठी विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे अधिसूचित करायला आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर असलेल्या पात्र शिक्षकांची छाननी करून नियमित वेतन द्यायला सांगितले. सरकारी वाट धरायची असेल तर डोळे या भरतीकडे असावेत, मागच्या दाराकडे नव्हे.

ऐरोलीची बोलणी

ऐरोलीच्या शाळेचे ३०,००० बारा महिन्यांचे आहेत, हजेरीपटावर नाव आहे, मूळ वेतन १५,०००. पण हा शाळेला पडणारा एकूण खर्च होता. शाळेच्या वाट्याचा पीएफही त्यातलाच. १,८०० शाळेचे गेले की पगार २८,२००, बाईंचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात २६,२००. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. त्यावर महिना २००, फेब्रुवारीत ३००.

हातात २६,२०० ऐकून बाई मागे सरल्या होत्या. वर्षाचे मांडले तेव्हा चित्र बदलले. हातात ३,१४,३००, पीएफ खात्यात दोन्ही बाजूंचे मिळून ४३,२०० (त्यातले १५,००० पेन्शन योजनेत जातात) आणि वर्षामागे ८,६५४ ग्रॅच्युइटी: १५,००० गुणिले १५ भागिले २६. शिवाय २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा, जिच्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम पुरे. पगार ३०,००० झाला तर ती एकटीच साधारण १,८०,००० ची होते. सेंटरची वरची आघाडी एवढ्या एका रजेत फिटून शिल्लक उरते. मुलाखतीत ‘सध्या काही प्लॅनिंग?’ असे विचारले गेलेच. त्याला उत्तर देण्याचे बंधन नाही. ‘कामाबद्दल विचारा ना मॅडम’ एवढे पुरते.

बाईंनी चार मागण्या लेखी पाठवल्या. शाळेचा पीएफ तीस हजारांच्या वर धरावा. पदनाम ‘सहायक शिक्षिका’ नव्हे, ‘विशेष शिक्षिका’ लिहावे. मुलांची संख्या पंधराच्या वर जाऊ नये. आयईपीसाठी रोज दोन मोकळे तास वेळापत्रकात असावेत. पगार वाढवा असे कुठेच म्हटले नाही, आणि हे योग्यच केले. खासगी शाळेत मूळ आकडा बदलायला ट्रस्टींपर्यंत जावे लागते, त्याच्या आजूबाजूचे कागद मुख्याध्यापक आपल्या पातळीवर बदलू शकतात. पीएफची मागणी अपवाद होती, तिला दोन आठवडे लागले.

पहिली, दुसरी आणि चौथी मान्य झाली. तिसऱ्यावर उत्तर आले, ‘मॅडम, सध्या चौदाच मुले आहेत, लिहायची काय गरज?’ पीएफ वर गेल्याने हातात २८,००० झाले, म्हणजे घोडबंदरच्या २८,८०० पेक्षा ८०० कमी, पण बारा महिने. आयईपी शाळेच्या वेळेत झाले तर १४४ तास वाचतात. प्रवासात मात्र फार कमाई नाही: कळव्यापासून जवळच असूनही ऐरोलीला रेल्वेने जायला आधी ठाण्याला यावे लागते, मग दिघा गाव आणि ऐरोली. तरी मेट्रोच्या कामातून घोडबंदर रोडवरच्या मानपाड्याला जाणाऱ्या बसपेक्षा वेळेचा भरवसा जास्त.

एक गोष्ट राहिली होती. आरसीआयची नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाला प्रशिक्षण कार्यक्रमांचे गुण लागतात. जुन्या शाळेने सहा वर्षांत एकदाही प्रमाणपत्र पुन्हा मागितले नव्हते, त्यामुळे बाईंची मुदत केव्हाच संपली होती. ऐरोलीच्या कार्यालयाने जूनमध्ये तारीख पाहिली आणि नूतनीकरण होईपर्यंत ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून २२,००० वर घेतले. गुण कमी होते; दोन कार्यक्रम करून अर्ज जाईपर्यंत जुलै संपला. दोन महिन्यांचे १६,००० गेले, आणि शनिवारच्या चार शिकवण्यांपैकी दोन प्रशिक्षणापायी बुडाल्या त्या वेगळ्या.

ऑगस्टपासून पूर्ण पगार सुरू झाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला रिसोर्स रूममध्ये मुले सतरा होती आणि दोन मोकळ्या तासांपैकी एका तासाला रोज कुठल्या ना कुठल्या वर्गाची प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकाचा तास, लागत होती. बाईंनी प्रॉक्सीच्या तारखा वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली आहे. दिवाळीनंतर सत्राचा आढावा आहे, तेव्हा ती वही आणि मुलांची यादी दोन्ही टेबलावर जातील.